झूम भिंगाचा जमाखर्च

दुसरे महायुद्ध संपून १९४६ साली लंडनमध्ये बीबीसीचे दूरचित्रवाणी-प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले, त्या काळच्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी एकच भिंग नसे. एका फिरत्या तबकडीवर निरनिराळ्या पल्ल्यांची भिंगे बसविलेली असत आणि दृश्य दुरून दाखवावयाचे की जवळून, हे पाहून कॅमेरा चालविणारा ती तबकडी फिरवून हवे ते भिंग पुढे आणी. स्टुडिओच्या चार भिंतींत ही व्यवस्था निभावून जाई, कारण एका कॅमेऱ्याचे भिंग बदलत असता दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र प्रेक्षकांपुढे ठेवता येई. परंतु क्रिकेटच्या मैदानावर, जेथे फलंदाजाने टोलविलेला चेंडू पाहतापाहता सीमेपार जातो आणि जेथे कॅमेऱ्याला मैदानात पुढे सरकण्याची मुभा नसते, तेथे तबकडी फिरविण्यात गेलेला क्षण हाच बहुधा पाहण्याजोगा क्षण असे. तबकडीवरील सगळ्या भिंगांचे काम जे एकटेच करील, दृश्य अखंड ठेवून दूरचे जवळ आणील आणि तसे करताना चित्राची रेखीवता यत्किंचितही ढळू देणार नाही, असे भिंग बनवून देता येईल काय, अशी पृच्छा बीबीसीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल कॉलेजातील हॅरल्ड हॉपकिन्स या तरुण प्रकाशशास्त्रज्ञाकडे केली.

हॉपकिन्स यांचा जन्म १९१८ साली लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीतला. शिक्षण लेस्टर येथे झालेले, आणि लेस्टर ही तर इंग्लंडातील भिंगकारांची पेठच. पुढे १९५४ साली नरिंदरसिंग कपानी या भारतीय विद्यार्थ्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याचा प्रयोग त्यांनी प्रसिद्ध केला, आणि काचेच्या दंडगोलांची जी दुर्बीण आज शल्यवैद्य रोग्याच्या पोटात घालून पाहतात तिची रचनाही त्यांचीच. इतक्या मोठ्या माणसाने बीबीसीसाठी केलेले झूम भिंग हे त्याच्या चरित्रात एखाद्या परिच्छेदाचे धनी होते. मला तो परिच्छेद थोडा वाटतो. अनेक पल्ले एकाच नळीत बसवून प्रत्येक पल्ल्यावर सारखेच निर्दोष चित्र मिळविणे ही मागणी किती बिकट होती, हे ध्यानात आल्याखेरीज आज खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर जे दोन बोटे जाडीचे झूम भिंग आपण पाहतो त्याचे मोल कळणार नाही.

मागणी तशी जुनी होती. भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजेच व्यवहारात त्याचा पल्ला, जितका मोठा तितके दृश्य जवळ भासते. आणि दोन भिंगे एकापुढे एक ठेवून त्यांमधील अंतर कमीजास्त केले की जोडीचा एकूण पल्ला बदलतो, ही गोष्ट दुर्बिणी करणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ठाऊक झाली होती. अडचण एवढीच, की पल्ला बदलला म्हणजे प्रतिमा जेथे उमटते ती जागाही बदलते. डोळ्याला लावलेल्या दुर्बिणीत याचे फारसे काही वाटत नाही, कारण पाहणारा पुन्हा जुळवून घेतो. स्थिर छायाचित्र काढणाराही प्रत्येक चित्राआधी फोकस नव्याने जुळवू शकतो. परंतु चलच्चित्राची फीत धावत असता अशी सवड नाही. तेथे पल्ला बदलत असताना प्रतिमा त्याच पातळीवर खिळून राहिली पाहिजे. अमेरिकेत क्लाइल अॅलन याने १९०२ साली घेतलेल्या एकस्वात या दिशेचे पहिले पाऊल दिसते. पण धंद्यात उतरलेले पहिले भिंग म्हणजे लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या कारखान्यात आर्थर वॉर्मिशॅम यांनी रचलेले आणि बेल अँड हॉवेल कंपनीने १९३२ साली बाजारात आणलेले 'कूक व्हॅरो'. त्याचा पल्ला ४० ते १२० मिलिमीटर, म्हणजे तिप्पट. मापाने ते आडदांड होते आणि जवळची वस्तू टिपावयाची तर त्याच्या पुढे निराळे भिंग जोडावे लागे; तथापि चित्रपटाच्या पडद्यावर कॅमेरा जागचा न हलता दृश्य पुढे सरकू शकते, हे त्याने सिद्ध केले.

प्रतिमा जागेवर खिळवून ठेवण्याचे दोन मार्ग निघाले आणि पुढची तीस वर्षे झूमचा इतिहास या दोन मार्गांच्या चढाओढीचा इतिहास आहे. पहिला मार्ग असा, की सरकणारे दोन किंवा अधिक भिंगगट एकाच सांगाड्याला पक्के जोडून एकत्र पुढेमागे न्यावयाचे आणि त्यांच्यामध्ये एखादा गट स्थिर ठेवावयाचा. गटांची शक्ती आणि अंतरे नीट बेतली म्हणजे प्रतिमा पूर्णपणे स्थिर राहिली नाही तरी साऱ्या पल्ल्यात ठरावीक तीनचार ठिकाणी ती नेमकी जाग्यावर येते आणि मधल्या टापूत तिचे ढळणे क्षम्य मर्यादेत राहते. या युक्तीत यांत्रिक भाग थोडे आणि सरळ. एक दांडी ओढली की काम झाले. व्हिएन्नाहून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या डॉ. फ्रँक बॅक यांचे 'झूमार' भिंग याच तत्त्वावर १९४६च्या सुमारास निघाले आणि अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने ते उचलून धरले. फ्रान्सात रोजे क्युव्हिलिए यांच्या कल्पनेतून निघालेले 'पँ-सिनोर' भिंगही याच पंथाचे. सोम-बेर्तिओ कंपनीने ते १९५० पासून बनविले. पण या पंथाला एक जाचक अट होती: काम सगळे काचेवर टाकले असल्याने काचही पुष्कळ लागे आणि नळी लांबलचक होई.

दुसऱ्या मार्गाने हा भार धातूवर टाकला. येथे दोन गट एकमेकांशी न बांधता स्वतंत्रपणे सरकतात. एक अंतर्गोल गट पल्ला बदलतो. त्याच्या सरकण्याने प्रतिमा जितकी ढळेल तितकीच ती परत जागेवर आणण्यासाठी दुसरा गट आपल्या निराळ्या गतीने, कधी पुढे आणि कधी मागे, असा वळणावळणाने जातो. हे वळण नळीच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत उतरवावे लागते, आणि खाच केसभर चुकली तर चित्र पुसट. म्हणून तत्त्व ठाऊक असूनही ते धंद्यात उतरविण्याची छाती फारशा कोणी केली नव्हती. ती केली पिएर आँजेन्यू यांनी. सेंत-एतिएन या कोळसा आणि लोखंडाच्या शहराजवळील सेंत-हेआँ या लहानशा गावी त्यांचा कारखाना होता, आणि त्या परगण्यात बंदुका, सायकली घडविणारे कसबी लोहकार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेले. अचूक धातुकाम करणारे हात हाताशी असल्याखेरीज हा मार्ग धरणे धाडसाचेच ठरले असते, असे मला वाटते. १९५६ साली आँजेन्यू यांनी यांत्रिक भरपाईची रचना पुढे मांडली आणि १९५८ साली १७ ते ६८ मिलिमीटरचे चौपट झूम बाजारात आणले. पाठोपाठ सोळा मिलिमीटरच्या फितीसाठी १२ ते १२० आणि पस्तीस मिलिमीटरसाठी २५ ते २५० अशी दसपट भिंगे निघाली, आणि १९६४ साली हॉलिवुडच्या अकादमीने त्यांचा तांत्रिक पारितोषिक देऊन गौरव केला.

या भिंगांनी चित्रपटाची भाषा बदलली. कॅमेरा रुळावरून पुढे नेला की पाहणाराच पुढे जातो, वस्तूंची परस्परांतील अंतरे बदलतात. झूममध्ये पाहणारा जागीच उभा असतो आणि केवळ त्याचे लक्ष पुढे सरकते. हा भेद ओळखून वापरणारे थोडे. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'त, १९६४ साली, नायिका खिडकीतून आणि दालनातून हातातल्या दुर्बिणीने जग न्याहाळते त्या प्रसंगात झूमचा जो उपयोग केला आहे तो या थोड्यांतला. आपल्याकडे पल्ल्याचे सामर्थ्य त्याच्या कितीतरी आधी ओळखले गेले होते. प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये, १९३४ साली, चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दाखविण्यासाठी शांतारामबापूंनी दूरपल्ल्याचे भिंग वापरल्याचे चित्रपटाचे इतिहासकार आवर्जून सांगतात. ते भिंग झूम नव्हे. पण दुरून जवळ जाण्याची ओढ तीच.

आता ज्या गोष्टीविषयी क्वचितच कोणी लिहितो आणि जिच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते, त्या गोष्टीकडे वळतो. ती गोष्ट म्हणजे हिशेब.

भिंगाची रचना म्हणजे प्रकाशकिरणांचा पाठलाग. वस्तूपासून निघालेला किरण पहिल्या पृष्ठभागावर किती वळला, तेथून दुसऱ्यावर कोठे पोचला, तेथे किती वळला, असे एकेक पृष्ठभाग पार करीत अखेर तो प्रतिमेच्या पातळीवर नेमका कोठे टेकतो, हे वक्रीभवनाच्या नियमाने गणून काढावयाचे. मग दुसरा किरण, मग तिसरा. मध्यावरचे, काठावरचे, तांबडे, निळे. सगळे एका बिंदूत मिळाले तर उत्तम, न मिळाले तर एखाद्या काचेची वक्रता किंचित बदलून सर्व हिशेब पुन्हा पहिल्यापासून. व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झव्हाल याने १८४० साली व्यक्तिचित्रांसाठी आपले विख्यात भिंग रचले तेव्हा त्याच्या दिमतीस ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील आठ गोलंदाज आणि तीन नाईक देण्यात आले होते, कारण आकडेमोडीत तरबेज अशी माणसे त्या काळी तोफखान्यातच सापडत. पेट्झव्हालच्या त्या भिंगात काचा चार. झूम भिंगात त्या पंधरा-वीसच्या घरात जातात. एवढेच नव्हे तर एक झूम म्हणजे एक भिंग नसतेच. आखूड पल्ल्यावर ते एक भिंग, मध्यावर दुसरे, लांब पल्ल्यावर तिसरे. प्रत्येक ठिकाणी गटांची अंतरे निराळी आणि म्हणून सर्व विपथनांचा, म्हणजे प्रतिमेतील दोषांचा, हिशेब निराळा, आणि तरीही काचा मात्र त्याच. एका टोकाची चूक दुरुस्त करावी तर दुसऱ्या टोकाला ती उमटते. हॉपकिन्स यांनी आपले भिंग यांत्रिक गणकयंत्रांवर बेतले, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली की त्या माणसाविषयी आदर दुणावतो.

या हिशेबाच्या ओझ्यानेच जपानातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मास आला. फूजी फोटो फिल्म या कंपनीत भिंगरचनेचे काम पाहणारे ओकाझाकी बुंजी यांनी १९४९ साली वरिष्ठांपुढे तजवीज मांडली, की किरणांची गणिते माणसांकरवी करवून घेण्याऐवजी ती करणारे यंत्रच बनवावे. संगणकशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता. हाती विपुल साधने नव्हती. देश युद्धातून नुकताच उठत होता. सात वर्षे खपून, एकदोन मदतनिसांखेरीज जवळजवळ एकट्याने, सुमारे १७०० निर्वात नलिका जोडून त्यांनी ते यंत्र १९५६च्या मार्चमध्ये ओदावारा येथे पुरे केले आणि त्याचे नाव 'फूजिक' ठेवले. मनुष्याच्या मानाने ते हजारपटीहून अधिक वेगाने गणित करी. जर्मनीत येना येथील झाइसच्या कारखान्यातही याच सुमारास याच कामासाठी 'ओप्रेमा' नावाचे यंत्र उभे राहिले होते. दोन देश, दोन कारखाने, परस्परांशी संबंध नाही, आणि दोघांची गरज मात्र एकच. संगणकाच्या इतिहासात भिंगकारांना यापेक्षा ठळक स्थान मिळावयास हवे होते.

हिशेब सुटला तरी काचेची एक सहजप्रवृत्ती उरतेच. काच आणि हवा जेथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. वीस पृष्ठभागांचे भिंग घेतले तर निम्म्याहून कमी प्रकाश पलीकडे पोचतो, आणि जो परत फिरला तो आतल्या आत हेलपाटत राहून चित्रावर धुके पसरतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली काचेवर अतिसूक्ष्म लेप चढवून हे परावर्तन थोपविण्याची युक्ती काढली. १९७१च्या सुमारास पेंटॅक्सने अनेक थरांचा लेप आपल्या साऱ्या भिंगांवर चढविण्यास प्रारंभ केला. प्रत्येक पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्यावर आणली तर त्याच वीस पृष्ठभागांतून नव्वद टक्के प्रकाश पार होतो. लेपाखेरीज झूम भिंग हे बंद कपाटातले नवलच राहिले असते.

स्थिर छायाचित्रणात झूमचे आगमन उशिरा झाले आणि तेथे त्याची गाठ एका आरशाशी पडली. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम १९५९ साली निघाले. रचना त्याच डॉ. बॅक यांची, घडण म्युनिकच्या किलफिट यांची, आणि नाव पुन्हा 'झूमार'. त्याचा पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा अधिक, आणि एवढ्यासाठी पुढचा व्यास इतका, की त्यावर बसणाऱ्या फिल्टरचे माप ९५ मिलिमीटर असे. निकॉनने १९६३ साली ४३ ते ८६ मिलिमीटरचे झूम काढले, ते हातात सहज मावे आणि किमतीनेही आवाक्यातले होते. म्हणून ते अमाप खपले. परंतु त्याच्या चित्रात सरळ रेषा वाकत, समोरून उजेड आला की चित्र फिके पडे, आणि झूम म्हणजे दुय्यम प्रतीचे भिंग हा जो ग्रह छायाचित्रकारांच्या मनात एक पिढीभर ठाण मांडून बसला, त्याला हे भिंग मुख्यतः जबाबदार आहे असे मला वाटते. तरी लहानपणासाठी लोक किती सोसावयास तयार असतात, याचा पहिला दाखलाही त्यानेच दिला.

आरशाचा प्रश्न असा होता. एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे तिरपा आरसा असतो, जो दृश्य वरच्या लोलकाकडे वळवितो आणि चित्र घेतेवेळी उचलला जातो. या आरशाला हलावयास जागा हवी म्हणून भिंगाचे बूड आणि फीत यांमध्ये पुष्कळ अंतर राखावे लागते. निकॉनच्या कॅमेऱ्यात भिंग जेथे बसते त्या कड्यापासून फितीपर्यंत ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफ पद्धतीत ४४. आता आखूड पल्ल्याचे, म्हणजे विस्तृत दृश्य टिपणारे भिंग स्वभावतः फितीच्या अगदी जवळ बसू इच्छिते. आरसा त्याला पुढे लोटतो, आणि पुढे लोटलेल्या भिंगाने तरीही प्रतिमा मागेच पाडावी यासाठी त्याच्या तोंडाशी मोठा अंतर्गोल गट जोडावा लागतो. काच वाढते, व्यास वाढतो, वजन वाढते. या अडचणीतून संधी साधणारी रचना कॅननने १९७३ साली ३५ ते ७० मिलिमीटरच्या झूममध्ये दाखविली: पुढे एक अंतर्गोल गट, मागे एक बहिर्गोल गट, एवढे दोनच, दोहोंमधील अंतर बदलून पल्ला बदलावयाचा आणि दोघांच्याही सरकण्याने प्रतिमा जागेवर ठेवावयाची. आरशासाठी जी मागची मोकळी जागा हवी ती या रचनेत आपोआपच मिळते. आज लाखो कॅमेऱ्यांबरोबर येणारी साधी झूम भिंगे या द्विगट रचनेची वंशज आहेत.

आरसा नसलेल्या खिशातील कॅमेऱ्यांनी निराळी वाट धरली. १९८६-८७च्या सुमारास पेंटॅक्सने ३५ ते ७० मिलिमीटरचे झूम असलेला पहिला स्वयंचलित खिसेवजा कॅमेरा आणला, आणि पुढच्या दशकात या वर्गातील रचनाकारांनी बहिर्गोल गट पुढे आणि अंतर्गोल गट मागे अशी उलट मांडणी करून मागची काच फितीच्या इतकी निकट नेली की सगळे भिंग कॅमेऱ्याच्या पोटात दडू लागले. फितीला प्रकाश कितीही तिरपा आला तरी चाले. फितीच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक आला आणि ही सोय संपली, कारण संवेदकावरील प्रत्येक प्रकाशग्राही पेशी ही तळाशी ग्रहणक्षेत्र असलेली छोटी विहीर असते आणि फार तिरपा किरण तिच्या तळाशी पोचतच नाही. चित्राच्या कडा काळवंडतात, रंग बदलतात. म्हणून अंकीय युगातील लहान झूमला पुन्हा थोडे मागे, म्हणजे वस्तुतः पुढे, सरावे लागले. त्यातूनही वाटा निघाल्या: मिनोल्टाने २००२ साली 'डिमाज एक्स' या कॅमेऱ्यात लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून सबंध भिंग कॅमेऱ्याच्या देहात उभे लपविले, आणि पेंटॅक्सने २००३ साली 'ऑप्टिओ एस'मध्ये कॅमेरा बंद होताना भिंगाचा एक गट अक्षावरून बाजूला सरकवून दुसऱ्यांच्या शेजारी नेऊन बसविला. ही दुसरी युक्ती मला विशेष भावते. जागा अपुरी पडली तेव्हा रचनाकाराने लांबीतली अडचण रुंदीत नेऊन सोडविली.

मोठ्या संवेदकाचा आणि भिंगे बदलता येणारा कॅमेरा आरशाच्या जाचातून सुटला तो ऑगस्ट २००८ मध्ये. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी 'मायक्रो फोर थर्ड्स' ही पद्धती जाहीर केली, आणि तिच्यात कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर आधीच्या ३८.६७ मिलिमीटरवरून १९.२५ वर, म्हणजे निम्म्यावर आणले. पुढे सोनीने ते १८ वर आणि निकॉनने झेड पद्धतीत १६ वर आणले. हा बदल कोष्टकात क्षुल्लक दिसतो. भिंगकारासाठी ती अर्धशतकाच्या बेडीतून सुटका होती. ऑलिंपसने जून २००९ मध्ये ई-पी१ या कॅमेऱ्यासोबत १४ ते ४२ मिलिमीटरचे झूम दिले, त्याची नळी वापरात नसता आत मिटून घेता येई आणि वजन अवघे १५० ग्रॅम. मिटणारी नळी ही कल्पना लाइट्झच्या १९२५ सालच्या लायका कॅमेऱ्याइतकी जुनी. परंतु तेथे मिटत असे ते एक स्थिर पल्ल्याचे भिंग, येथे संपूर्ण झूम. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, पॅनासॉनिकने त्याच पल्ल्याचे, विजेच्या मोटारीने चालणारे झूम काढले: मिटले असता लांबी २६.८ मिलिमीटर, वजन ९५ ग्रॅम, आत नऊ काचा आणि त्यांतील चार अगोलीय पृष्ठाच्या. सोनीचे १६ ते ५० मिलिमीटरचे झूम २०१२ साली आले ते ११६ ग्रॅमचे. ९५ मिलिमीटर तोंडाचा झूमार आणि ९५ ग्रॅमचे हे भिंग यांत बावन्न वर्षांचे अंतर आहे.

अगोलीय काच ही या लहानपणाची एक किल्ली. गोलाच्या तुकड्यासारखे पृष्ठ घासणे सोपे, पण ते किरण एका बिंदूत आणीत नाही आणि तो दोष झाकावयास दुसरी काच, तिचा दोष झाकावयास तिसरी, अशी माळ लागते. पृष्ठाची वक्रता मध्यापासून काठापर्यंत हवी तशी बदलता आली की एक काच दोघी-तिघींचे काम करते. अशा काचा पूर्वी कसबी कारागीर एकेक करून घासून काढीत. साच्यात तापवून दाबलेली काच निघाली तेव्हा त्या सामान्य माणसाच्या भिंगात आल्या.

दुसरी किल्ली अधिक वादग्रस्त आहे. भिंगाच्या दोषांपैकी बहुतेक दोष चित्र पुसट करतात. एका बिंदूचा ठिपका होतो आणि एकदा पसरलेला ठिपका पुन्हा गोळा करता येत नाही. विरूपणाचे तसे नाही. त्यात बिंदू बिंदूच राहतो, फक्त भलत्या जागी पडतो. सरळ भिंत पिंपासारखी फुगते, पण तिची प्रत्येक वीट रेखीवच असते. मग ती भिंत काचेने सरळ करण्याऐवजी कॅमेऱ्यातील संगणकाने बिंदू मूळ जागी नेऊन सरळ केली तर? या नव्या पद्धतींत भिंग आपल्या दोषांची यादी कॅमेऱ्याच्या स्वाधीन करते आणि कॅमेरा चित्र दाखविण्यापूर्वीच दुरुस्ती करून टाकतो. सोनीच्या त्या १६-५० झूमचे आखूड टोकाचे कच्चे चित्र दुरुस्तीविना उघडले तर रेषा ठळकपणे वाकलेल्या आणि कोपरे काळसर दिसतात. जुन्या पिढीतील अनेक जाणकारांना ही फसवणूक वाटली. मला ती फसवणूक वाटत नाही. आँजेन्यू यांनी काचेचा भार धातूच्या खाचेवर टाकला तेव्हा ती जशी फसवणूक नव्हती, तशीच ही नाही; भार गणितावर गेला एवढेच. परंतु प्रत्येक जमेला खर्च असतो. फुगलेले चित्र सरळ करताना कोपरे ताणावे लागतात आणि ताणलेल्या कोपऱ्यांतील बारकावा उणावतो. तो खर्च खराच आहे.

चलच्चित्र घेणाऱ्यांच्या मागण्या या लहान भिंगांनी लगेच पुऱ्या केल्या नाहीत. छायाचित्रकाराला भिंग क्षणभर अचूक असले की पुरते; व्हिडिओ घेणाऱ्याला ते सतत अचूक हवे, आणि शिवाय मुके हवे, कारण कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहक मोटारीची कुरकुर टिपतो. पॅनासॉनिकने २००९ साली जीएच१ या कॅमेऱ्याबरोबर दिलेले १४ ते १४० मिलिमीटरचे भिंग या दृष्टीने पहिले विचारपूर्वक केलेले भिंग म्हटले पाहिजे: त्याची फोकसची मोटार शांत होती आणि प्रकाशाचे छिद्र टप्प्याटप्प्याने न मिटता सलग मिटत असे, म्हणजे उजेड बदलला तरी चित्राला धक्का बसत नसे. आरसा गेल्यामुळे फोकस संवेदकावरील चित्र पाहूनच ठरवावा लागे, आणि त्यासाठी फोकसचा गट क्षणोक्षणी पुढेमागे डुलवावा लागे. जड गट असा डुलत नाही. म्हणून रचनाकारांनी फोकसचे काम मोठ्या पुढच्या गटाकडून काढून आतल्या एकदोन हलक्या काचांकडे सोपविले.

याच ठिकाणी, माझ्या मते, या इतिहासातील सर्वांत सुंदर वळण येते. आतला हा हलका गट मोटारीने हलतो आणि मोटार संगणकाच्या हुकमात असते. तेव्हा पल्ला बदलत असता प्रतिमा जागेवर ठेवणारे जे वळण सेंत-हेआँच्या लोहकारांना धातूत कोरावे लागले, ते आता आकड्यांच्या कोष्टकात लिहून ठेवता येते आणि मोटार त्याबरहुकूम गट चालविते. लहान हाती व्हिडिओ कॅमेऱ्यांत ही रीत आधीच रुळली होती, आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांनी ती मोठ्या संवेदकापर्यंत आणली. सोनीने २०१४ साली पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी काढलेले २८ ते १३५ मिलिमीटरचे व्हिडिओ झूम किलोहून जड होते. २०२२ साली काढलेले १६ ते ३५ मिलिमीटरचे विद्युत्-झूम ३५३ ग्रॅमचे आहे. पहिल्याचा पल्ला पावणेपाच पटींहून अधिक, दुसऱ्याचा सव्वादोन पटींच्या आतबाहेर, म्हणून तुलना सरळ नाही. तरी दोन्हींचे छिद्र पल्लाभर एफ/४ वर कायम राहते, आणि दुसऱ्याची नळी पल्ला बदलला तरी फारशी लांबत नसल्याने तोल सांभाळणाऱ्या यंत्रावर ते न डगमगता बसते. पूर्वी ज्या चित्रणासाठी माणसे, रूळ आणि गाडी लागे ते आज लग्नाचे किंवा वारीचे चित्रण करणारा एकटा इसम हातात घेऊन चालतो.

तेव्हा हे लहानपण एकट्या काचेचे नाही. त्यात धातूचा, लेपाचा, साच्याचा आणि सर्वांत अधिक गणिताचा वाटा आहे, आणि तो वाटा वाढतच जाणार. असे असता कारखानदार आजही आपल्या भिंगाच्या कागदावर काचा किती, वजन किती, रेखीवता किती, हे बारकाईने छापतात आणि संगणकाने दुरुस्ती करण्यापूर्वी चित्र किती वाकलेले आणि कोपरे किती काळे होते, हे मात्र बहुधा छापीत नाहीत. ओकाझाकी आणि हॉपकिन्स यांनी प्रत्येक किरणाचा हिशेब मांडला होता. विकत घेणाऱ्याला त्यातले निदान दोन आकडे मिळण्याचा हक्क आहे. दुरुस्तीपूर्वीचे विरूपण आणि दुरुस्तीनंतर कोपऱ्यात उरलेली रेखीवता हे ते दोन आकडे होत. भिंग घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराकडे आणि कंपनीकडे ते मागावेत, आणि भिंगांची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी ते दिल्यावाचून आपले परीक्षण पुरे मानू नये.